तालुक्याच्या महाविद्यालयातून क्वांटम उपकरणांवर पीएच.डी. : विषय कसा निवडावा?

गिरणाकाठ
मी जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि विद्यापीठाचा मान्यताप्राप्त मार्गदर्शक आहे. माझी एक विद्यार्थिनी यंदा पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) उत्तीर्ण झाली असून तिला द्विमितीय, म्हणजे एखाद-दोन अणूंच्या जाडीच्या, पदार्थांवर आधारित क्वांटम उपकरणे या विषयात संशोधन करायचे आहे. मुलगी हुशार आहे, वाचन चांगले आहे, आणि ग्राफीनपासून (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर) क्यूबिटपर्यंतचे (क्वांटम संगणकाचा मूळ घटक) बरेच काही तिने स्वतः समजून घेतले आहे.

अडचण आमच्या प्रयोगशाळेची आहे. आमच्याकडे थिन फिल्म बनवण्याची परंपरा आहे, म्हणजे केमिकल बाथ, सिलार, स्प्रे पायरोलिसिस आणि भट्ट्या. एक्सआरडी आणि एसईएम, म्हणजे स्फटिकरचना आणि पृष्ठभाग यांची तपासणी, विद्यापीठात जाऊन करून घेतो. सर्वांत कमी तापमान म्हणाल तर द्रवरूप नायट्रोजनचे, म्हणजे ७७ केल्विन. तो नायट्रोजनही जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी जिथून येतो तिथूनच ओळखीने भरून आणावा लागतो. अशा ठिकाणी बसून क्वांटम उपकरणांवर प्रामाणिक काम होऊ शकते का? की तिला नेहमीच्या झिंक ऑक्साइडच्या वाटेला लावावे? की दुसरीकडे पाठवावे? अनुभवी सदस्यांनी स्पष्ट मत द्यावे.

भुसावळ_जंक्शन
सर, क्वांटम संगणकाला १० मिलिकेल्विन लागते असे वाचले होते. आमच्याकडे मे महिन्यात कूलरची टाकी सकाळी भरली की दुपारी त्यात चहाचे पाणी तयार असते. तेव्हा भुसावळचा विचार मनातून काढून टाकावा, एवढेच सुचवतो.

पांझरा
मूळचा धुळ्याचा, सध्या मुंबईत कमी तापमानाच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

भुसावळकरांनी विनोदाने लिहिले असले तरी मुद्दा नेमका तापमानाचाच आहे. अतिसंवाहक (विजेला रोध न करणाऱ्या) पदार्थाचा क्यूबिट साधारण ५ गिगाहर्ट्झला चालतो. या वारंवारतेच्या एका फोटॉनची ऊर्जा तापमानात मोजली तर सुमारे ०.२४ केल्विन येते. आजूबाजूची उष्णता याहून पुष्कळ खाली नेली नाही, तर क्यूबिट आपोआप उत्तेजित होत राहतो आणि मोजण्यासारखे काही उरत नाही. म्हणून १० ते २० मिलिकेल्विन. त्यासाठी डायल्यूशन रेफ्रिजरेटर लागतो, त्यात हेलियम-३ लागतो, आणि हा हेलियम-३ प्रामुख्याने ट्रिटियमच्या ऱ्हासातून मिळत असल्याने दुर्मिळ आणि महाग असतो. असे यंत्र काही कोटींचे असते आणि ते चालवणे हीच एक पूर्णवेळ नोकरी असते.

मात्र यावरून 'आपण यात काहीच करू शकत नाही' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. या यंत्रातली चिप पाहिली तर तिचे हृदय म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, त्यावर एक-दोन नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर, आणि पुन्हा अ‍ॅल्युमिनियम. क्यूबिटची स्मृती अल्पायुषी का असते, याचे मोठे कारण हे ऑक्साइड आणि धातूच्या पृष्ठभागावरचे अस्फटिकी थर आहेत, कारण त्यांतले सूक्ष्म दोष ऊर्जा शोषतात. २०२१ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने नायोबियमऐवजी टँटलम वापरले, पृष्ठभाग आम्लांनी काळजीपूर्वक स्वच्छ केला, आणि क्यूबिटचे आयुष्य ०.३ मिलिसेकंदांच्या पुढे गेले. परिपथाच्या आराखड्यात फारसा बदल न करता केवळ पदार्थ आणि त्याची स्वच्छता यांनी हे साधले. माझ्या मते क्वांटम उपकरणांचा आजचा खरा प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे, आणि थिन फिल्मची सवय असलेल्या माणसाला हा प्रश्न परका नाही.

सातपुडा_पायथा
पांझरा यांचे शेवटचे वाक्य ऐकायला गोड आहे, पण मला ते पटत नाही. टँटलमचा थर प्रिन्स्टनने बीकरमध्ये बुडवून चढवलेला नव्हता. त्याला स्पटरिंग लागते, उच्च निर्वात लागते, क्लीन रूम लागते, आणि शेवटी थर चांगला झाला की नाही हे तपासायला तोच कोट्यवधींचा फ्रिज लागतो. 'आमची थिन फिल्मची परंपरा आहे' असे म्हणत आपण वर्षानुवर्षे त्याच धातूंचे ऑक्साइड, तेच वायुसंवेदक आणि तेच सुपरकपॅसिटर करत आलो आहोत. त्या परंपरेने पुष्कळ मुलांना पदव्या दिल्या हे खरे, पण आता तिलाच क्वांटमची पाटी लावू नये.

माझे मत स्पष्ट आहे. मुलगी एवढी हुशार असेल तर तिला जेस्ट, गेट, नेट द्यायला लावा आणि मुंबईची टीआयएफआर, पुण्याची आयसर, बंगळुरूची आयआयएससी अशा ठिकाणी पाठवा. आपल्या सोयीसाठी तिला तालुक्यात अडकवून ठेवणे हा तिच्यावर अन्याय आहे. शहाद्याच्या, शिरपूरच्या, चोपड्याच्या कितीतरी मुलांना 'इथेच कर, घरचे जेवण मिळेल' या सल्ल्याने बसवून ठेवलेले मी पाहिले आहे.

मेहरूणची_बोरं
सातपुडा सर, तुमचा राग समजतो, परंतु 'पाठवा' हा शब्द लिहायला सोपा आहे. तिच्या घरची परिस्थिती काय, ती विवाहित आहे का, लहान भावंडे शिकत आहेत का, हे आपल्याला ठाऊक नाही. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो, मग मुंबईसुद्धा परवडते. ती नसेल तर हिशेब बदलतो. सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तींपैकी तिला कोणती लागू होते, तेही गिरणाकाठ सरांनी आधी पाहावे.

मी स्वतः जळगावात राहून पीएच.डी. केली. माझे नमुने इथे तयार होत आणि कमी तापमानाची मोजमापे इंदूरच्या यूजीसी-डीएई कन्सॉर्टियममध्ये होत. ही संस्था विद्यापीठांतल्या संशोधकांसाठीच आहे. प्रस्ताव लिहावा लागतो, तो मान्य झाला की तारीख मिळते. आयएनयूपी नावाच्या योजनेखाली पवईची आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी येथील नॅनो-फॅब्रिकेशनच्या (अतिसूक्ष्म उपकरणे घडवण्याच्या) सोयी बाहेरच्या विद्यार्थ्यांना वापरता येतात, आधी तिथले प्रशिक्षण घ्यावे लागते. खान्देशातल्या माणसाला इंदूर काही लांब नाही; धुळ्याहून आग्रा रोड धरला की सेंधव्यावरून सरळ रस्ता आहे.

त्रास होतो, हेही सांगते. एका केंद्रात मी नमुने घेऊन पोहोचले आणि हेलियमचा पुरवठा थांबल्याचे तिथे गेल्यावर कळले. त्या मोजमापाविना पेपर वर्षभर रखडला. बाहेरच्या यंत्रांवर उभा केलेला प्रबंध दुसऱ्याच्या वेळापत्रकावर चालतो. म्हणून माझा नियम असा झाला की प्रबंधाचा निम्मा भाग तरी स्वतःच्या टेबलावर मोजता आला पाहिजे.

शेवभाजी
२०२३ च्या उन्हाळ्यानंतर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक काका रोज विचारत असत की भट्टीत भाजून घरच्या घरी अतिसंवाहक कसा बनवायचा. भरीत भाजण्याच्या पलीकडे आपली झेप जात नाही हे त्यांना कोण सांगणार?

अमळनेरकर
शेवभाजी यांनी एलके-९९ ची आठवण काढली ते बरे केले, कारण नव्या मार्गदर्शकाने विषय निवडण्यापूर्वी ते प्रकरण नीट वाचावे असे मला वाटते. कोरियन गटाने शिसे, तांबे, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचे संयुग खोलीच्या तापमानाला अतिसंवाहक असल्याचा दावा केला. कृती साधी होती, म्हणून जगभर लोकांनी ते भाजून पाहिले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही पाहिले. काही आठवड्यांत उलगडा झाला की रोधात दिसणारी घसरण त्यातल्या कॉपर सल्फाइडच्या अशुद्धीमुळे होती, जे १०० अंश सेल्सिअसच्या थोडे वर आपली स्फटिकरचना बदलते. शुद्ध स्फटिक बनवल्यावर तो पदार्थ चक्क विद्युतरोधक निघाला.

दुसरे प्रकरण अधिक गंभीर आहे. २०१८ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या गटाने अर्धवाहकाच्या नॅनोतारेत मायोराना अवस्था (क्वांटम संगणकासाठी हवी असलेली इलेक्ट्रॉनांची एक विशेष अवस्था) दिसल्याचे नेचरमध्ये प्रसिद्ध केले आणि २०२१ मध्ये तो पेपर मागे घ्यावा लागला, कारण संपूर्ण विदा मांडल्यावर दावा टिकत नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच कल्पनेवरची चिप जाहीर केली, तेव्हा नेचरने सोबतच्या पेपरच्या परीक्षण-फाइलमध्ये नोंदवले की हे निष्कर्ष स्वतःहून मायोराना अवस्थांचा पुरावा ठरत नाहीत. ही माणसे आपल्याहून शतपटीने साधनसंपन्न होती. दोष तिथेही पदार्थातच होता, कारण तारेतल्या अणूंच्या रचनेतली साधी अव्यवस्था अगदी तशीच खूण निर्माण करू शकते.

याचा आपल्या धाग्याशी संबंध असा की प्रबंधाच्या शीर्षकात क्वांटम येण्याला माझी हरकत नाही, फक्त आत किमान एक मोजमाप असे हवे की जे अभिजात भौतिकीने समजावता येत नाही. एकल-फोटॉन स्रोत (एका वेळी एकच प्रकाशकण देणारा) म्हणायचे असेल तर दोन डिटेक्टर लावून सहसंबंध मोजा आणि तो शून्य विलंबाला ०.५ च्या खाली जातो का ते दाखवा. स्पिन (इलेक्ट्रॉनाचे अंगभूत चुंबकत्व) म्हणायचे असेल तर अनुनाद, म्हणजे ठरावीक वारंवारतेला मिळणारा प्रतिसाद, दाखवा. नुसता प्रकाशदीप्तीचा आलेख आणि खाली 'क्वांटम तंत्रज्ञानासाठी उपयुक्त' असे वाक्य, हे पुरे झाले.

केळीबाग_रावेर
मी बी.एस्सी. करून शेतीत आलो, त्यामुळे अर्धे समजते, अर्धे डोक्यावरून जाते. ही क्वांटम उपकरणे जमिनीतला ओलावा किंवा केळीच्या घडाचे तापमान मोजू शकतात का? तसे असेल तर आम्हीही वर्गणी काढू.

पांझरा
केळीबाग भाऊ, ओलाव्यासाठी तुमचा टेन्शिओमीटरच उत्तम आणि स्वस्त आहे, त्यात क्वांटमचे काही काम नाही. तापमान मात्र मोजता येते, आणि तेही एखाद्या जिवंत पेशीच्या आत. त्यासाठी हिऱ्याचे सूक्ष्म कण वापरतात. घडाला अर्थात साधा थर्मामीटर पुरे.

हा विषय निघालाच आहे तर गिरणाकाठ सरांना सांगायचे ते इथेच सांगतो. फ्रिजशिवाय, खोलीच्या तापमानाला खरी क्वांटम वागणूक दाखवणारा पदार्थ हवा असेल तर तो हिरा आहे. हिऱ्याच्या जाळीत कार्बनच्या एका जागी नायट्रोजनचा अणू असतो आणि शेजारची जागा रिकामी असते. या जोडीला एनव्ही केंद्र म्हणतात. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर टाकला की ते लाल प्रकाशते, आणि २.८७ गिगाहर्ट्झचे मायक्रोवेव्ह दिले की तो लाल प्रकाश किंचित मंदावतो, म्हणजे आलेखात एक खाच पडते. चुंबकीय क्षेत्र लावले की या एका खाचेच्या दोन होतात आणि त्यांमधले अंतर क्षेत्र सांगते. लेझर, मायक्रोवेव्ह स्रोत, लाल फिल्टर, फोटोडायोड आणि लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायर (गोंगाटातून क्षीण संकेत वेचणारे यंत्र) एवढी सामग्री काही लाखांत जमते. पवईच्या आयआयटीत प्रा. कस्तुरी साहा यांचा गट याच केंद्रांवर चुंबकीय सूक्ष्मदर्शक बनवतो. राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये संवेदन आणि मापनाचे केंद्रही पवईलाच आहे, तर पदार्थ व उपकरणांचे दिल्लीच्या आयआयटीला.

उधना_पॅसेंजर
नमस्कार. मी नंदुरबारचा, आता सुरतेत एका प्रयोगशाळानिर्मित हिऱ्यांच्या कारखान्यात रिअ‍ॅक्टर विभागात नोकरी करतो. हा धागा मित्राने पाठवला. पांझरा सरांनी ज्या नायट्रोजनचे गुण गायले आहेत तो आमचा रोजचा शत्रू आहे.

आमच्याकडे मिथेन आणि हायड्रोजनचा प्लाझ्मा करून, मायक्रोवेव्हच्या शक्तीने, पातळ हिऱ्याच्या बीजपट्टीवर थरावर थर वाढवतात. वायूमध्ये थोडा नायट्रोजन शिरला की वाढ वेगाने होते, हे मालकाला आवडते. पण हिऱ्याला तपकिरी झाक येते, हे व्यापाऱ्याला आवडत नाही. मग तो रंग घालवायला पुन्हा उच्च दाब व उच्च तापमानाची प्रक्रिया करावी लागते. प्रमाणपत्र देणाऱ्या प्रयोगशाळा आमचा माल ओळखताना ज्या खुणा पाहतात, त्यांत हीच एनव्ही केंद्रांची लाल-नारिंगी चमक असते. म्हणजे आम्ही जे लपवायला धडपडतो तेच तुम्हाला हवे आहे!

पंतप्रधानांनी २०२३ मध्ये अमेरिकेत भेट दिलेला ७.५ कॅरेटचा हिरा सुरतेकडचाच होता, तेव्हापासून घरचे लोक माझ्या नोकरीला मान देतात. ते असो. लेझरने कडा कापल्यावर ज्या कापण्या उरतात त्यांना दागिन्याच्या दृष्टीने फार किंमत नसते. संशोधनाला चालतील का, हे जाणकारांनी सांगावे.

मेहरूणची_बोरं
उधना पॅसेंजर दादा, आपण फार महत्त्वाची माहिती दिलीत. कापण्या चालतात, पण कशातही चालत नाहीत. केवळ नायट्रोजन असून भागत नाही, शेजारी रिकामी जागाही हवी. त्यासाठी हिऱ्यावर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा करून जाळीत पोकळ्या निर्माण करतात आणि मग सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तापवतात, म्हणजे त्या पोकळ्या सरकत जाऊन नायट्रोजनपाशी अडकतात. तापवणे निर्वातात किंवा अक्रिय वायूत व्हावे लागते, नाहीतर उघड्या हवेत त्या तापमानाला हिरा पृष्ठभागावरून जळू लागतो. हे भट्टीचे काम आपल्या महाविद्यालयांना नक्की जमेल. माऱ्यासाठी इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राकडे इलेक्ट्रॉन त्वरक आहेत, तिथे रीतसर चौकशी करावी.

भुसावळ_जंक्शन
आता खरा प्रश्न विचारतो. खोलीचे तापमान म्हणजे कोणाच्या खोलीचे? युरोपातल्या खोलीत आणि आमच्या मे महिन्यातल्या खोलीत फरक आहे.

पांझरा
हा प्रश्न वाटतो त्याहून चांगला आहे. एनव्हीची २.८७ गिगाहर्ट्झची वारंवारता तापमानासोबत सरकते, दर अंशाला साधारण ७४ किलोहर्ट्झने खाली. डिसेंबरातल्या पहाटेच्या १२ अंशांपासून मेमधल्या दुपारच्या ४२ पर्यंत ३० अंशांचा फरक धरला, तर सरक २.२ मेगाहर्ट्झची होते. चुंबकीय क्षेत्रामुळे होणारी सरक दर मायक्रोटेस्लाला २८ किलोहर्ट्झ असते. म्हणजे एकच खाच पाहून क्षेत्र मोजणाऱ्याला आपल्या ऋतुबदलातून सुमारे ८० मायक्रोटेस्लाचे खोटे क्षेत्र दिसेल, आणि खान्देशात पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र त्याच्या जवळपास निम्मेच आहे.

यावर उपाय असा की दोन्ही खाचा एकत्र नोंदवायच्या. तापमानाने दोन्ही एकाच दिशेला सरकतात, क्षेत्राने परस्परविरुद्ध. बेरजेतून तापमान मिळते आणि वजाबाकीतून क्षेत्र. परदेशातल्या वातानुकूलित प्रयोगशाळेत हा परिणाम दाबून टाकतात. आपल्याकडे १० ते ४५ अंशांचा पल्ला निसर्गच फुकट देतो. उघड्या वातावरणात, मोठ्या तापमानबदलात हे संवेदक कितपत खरे राहतात, याचा काटेकोर अभ्यास हा मला प्रबंधाचा एक चांगला भाग वाटतो.

शेवभाजी
भुसावळच्या उन्हाचे पहिल्यांदा कोणीतरी कौतुक केले. अध्यक्ष महोदय, याची नोंद घ्यावी.

सातपुडा_पायथा
नोंद घ्यावी, पण घाईने टाळ्या वाजवू नयेत. एनव्ही केंद्रांवर जगभर झुंबड आहे. अनुनादाचा आलेख काढणे आता परदेशात पदवीच्या प्रात्यक्षिकात शिकवतात. त्यावर पीएच.डी. कशी होणार? शिवाय तालुक्याची वीज कशी असते हे इथे सर्वांना माहीत आहे. रात्री शेतीपंप सुरू झाले की दाब खाली जातो, पहाटे तो उसळी घेतो. लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायर आणि लेझर दोन्ही अशा विजेवर रुसतात. स्थिर प्रवाहाचा लेझर ड्रायव्हर आणि चांगला ऑनलाइन यूपीएस यांची तरतूद प्रस्तावात पहिल्याच पानावर हवी, नाहीतर वर्षभरानंतर हा धागा दुःखाने वर येईल.

भुसावळ_जंक्शन
विजेवरून सुचले. सरांचे महाविद्यालय लोहमार्गाजवळ असेल तर आणखी एक पाहुणा येणार. विद्युत इंजिनांना २५,००० व्होल्टची ५० हर्ट्झची वीज लागते आणि तिचा परतीचा प्रवाह रुळांतून व जमिनीतूनही वाहतो. मी रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त झालो आहे. मालगाडी चढावर जोर लावते तेव्हा तारेतून शेकडो अँपियर जातात, आणि तेवढ्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र रुळापासून बऱ्याच अंतरापर्यंत जाणवते. चुंबकमापक तयार झाला की पहिली चाचणी आमच्या गाड्यांवर घ्यावी. वेळापत्रक मी देतो, गाड्या ते पाळतील याची हमी देत नाही.

गिरणाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. इतके नेमके प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते.

सातपुडा सरांच्या पहिल्या मुद्द्याचे उत्तर आधी देतो. बाहेर जाण्याचा पर्याय मी तिच्यासमोर स्वतः ठेवला होता. आई आजारी असल्याने तिला जिल्हा सोडायचा नाही, आणि हा तिचा निर्णय आहे. त्यावर मी वाद घालणार नाही. लोहमार्ग आमच्यापासून दूर आहे, वीज मात्र सातपुडा सर म्हणतात तशीच आहे.

तिने हा धागा वाचला. हिऱ्याची वाट तिला आवडली, परंतु तिचे मन द्विमितीय पदार्थांवरच आहे. ती विचारते की एकमेकांवर १.१ अंशाने वळवून ठेवलेल्या ग्राफीनच्या दोन थरांसारखे काही इथे करता येईल का, आणि ते नसेल तर द्विमितीय पदार्थात हिऱ्यासारखे केंद्र सापडते का?

अमळनेरकर
वळवलेल्या ग्राफीनचा मोह सोडावा. २०१८ मध्ये एमआयटीत पाब्लो हारिल्यो-एरेरो यांच्या गटाने त्यात अतिसंवाहकता दाखवली ती १.७ केल्विनच्या आसपास, म्हणजे पुन्हा हेलियम आला. चिकटपट्टीने ग्राफीन सोलणे कोणालाही जमते. गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी २००४ मध्ये तेच केले आणि २०१० मध्ये नोबेल मिळवले. पण दोन थर अंशाच्या दशांशापर्यंत अचूक वळवून त्यांवर बुडबुड्याविना बोरॉन नायट्राइड चढवणे हे फार कौशल्याचे काम आहे. त्यातले उत्तम बोरॉन नायट्राइडचे स्फटिक जगातल्या बहुतेक गटांना जपानच्या त्सुकुबा येथून तानिगुची आणि वातानाबे हे दोन शास्त्रज्ञ पुरवत आले आहेत. एवढी मोठी शाखा मुख्यतः एका प्रयोगशाळेच्या स्फटिकांवर उभी राहिली, यावरून चांगला पदार्थ बनवणाऱ्याचे या क्षेत्रातले स्थान काय आहे ते कळावे.

पांझरा
तिच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे, आणि ते याच बोरॉन नायट्राइडमध्ये आहे. षट्कोनी बोरॉन नायट्राइडमधून बोरॉनचा एक अणू निघून गेला आणि त्या जागेवर ऋणभार राहिला की तिथे स्पिन असलेले केंद्र तयार होते. खोलीच्या तापमानाला त्याचा अनुनाद सुमारे ३.४८ गिगाहर्ट्झला दिसतो, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे हिऱ्यासाठी जुळवलेला तोच संच, तोच हिरवा लेझर, फक्त मायक्रोवेव्हचा पल्ला थोडा वर आणि फिल्टर वेगळा, कारण हे केंद्र ८०० नॅनोमीटरच्या पुढे, अवरक्ताच्या हद्दीत प्रकाशते. प्रकाश हिऱ्याच्या मानाने पुष्कळ मंद असतो, हे आधीच सांगून ठेवतो, संयम लागेल. पोकळ्या आयनांच्या किंवा न्यूट्रॉनांच्या माऱ्याने करतात. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये विद्यापीठांच्या संशोधकांना आयनांचे झोत मिळतात.

सातपुडा सरांच्या 'यात नवीन काय' या प्रश्नाचे उत्तरही मला इथे दिसते. हिऱ्यावर संच बसवून हात तयार करायचा, आणि खरा प्रबंध बोरॉन नायट्राइडवर करायचा. याच्या वारंवारतेचा तापमानाशी असलेला संबंध हिऱ्यापेक्षा कितीतरी तीव्र आहे. वेगवेगळ्या पद्धतीने केलेल्या थरांत तो कसा बदलतो, ताणाने किती हलतो, आपल्या पल्ल्याच्या उन्हात पुन्हापुन्हा तापवल्यावर टिकतो का, हे प्रश्न पदार्थविज्ञानाचे आहेत आणि टेबलावर मोजता येण्यासारखे आहेत.

सातपुडा_पायथा
हे मला मान्य होण्यासारखे आहे, दोन अटींवर. पहिली अशी की मोठ्या संस्थेतला सहमार्गदर्शक पहिल्या दिवसापासून कागदावर असावा. पेपर लिहिताना आठवण झाली म्हणून नव्हे. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची पेअर नावाची योजना मोठ्या संस्थांशी राज्य विद्यापीठे जोडण्यासाठीच आहे, तिच्यात आपले विद्यापीठ कुठे बसते ते विचारून घ्यावे. दुसरी अट अशी की आरआरसीसमोर (विद्यापीठाच्या संशोधन समितीसमोर) जाणाऱ्या आराखड्यात क्यूबिट, संगणक, क्रांती हे शब्द नसावेत. 'षट्कोनी बोरॉन नायट्राइडमधील बोरॉन-रिक्तता केंद्रांचा तापमानाधारित स्पिन अनुनाद' असे कोरडे शीर्षक द्यावे. कोरड्या शीर्षकाचा प्रबंध वायवाच्या दिवशी उभा राहतो.

मेहरूणची_बोरं
सातपुडा सरांशी मी पहिल्यांदाच पूर्णपणे सहमत आहे, तारीख लिहून ठेवते. त्यात एकच भर. बोरॉन नायट्राइडची बाजारात मिळणारी पूड आणि चांगला स्फटिक यांत फार फरक असतो. पुडीत कार्बनची अशुद्धी असते आणि ती स्वतःच प्रकाशते. सुरुवातीलाच दोन्ही प्रकारच्या नमुन्यांचे रामन वर्णपट (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशाचे आलेख) घेऊन ठेवावेत. १३६६ प्रति सेंटीमीटरच्या आसपासची रेषा किती रुंद आहे यावरून स्फटिकाचा दर्जा लगेच समजतो. हे मोजमाप विद्यापीठाच्या पातळीवर सहज होते.

केळीबाग_रावेर
पुष्कळ कळले नाही, तरी पूर्ण वाचले. त्या ताईंना उन्हाळ्यात उघड्यावर प्रयोग ठेवायला जागा लागली तर माझे पंपघर रिकामे आहे. ४५ अंशांची हमी देतो.

उधना_पॅसेंजर
गिरणाकाठ सर, मी मालकांशी बोललो. संशोधनासाठी कापण्या द्यायला त्यांची ना नाही, फक्त महाविद्यालयाच्या पत्रावर मागणी हवी. पांझरा सरांनी कृपया सांगावे की आमच्या सीव्हीडी (वायूतून वाढवलेल्या) पट्ट्या द्याव्यात की ओळखीच्या एका कारखान्यातल्या उच्च दाबाच्या पिवळ्या हिऱ्यांच्या?

पांझरा
संच बसवण्यासाठी पिवळे घ्यावेत. त्यांचा पिवळेपणा नायट्रोजनमुळेच असतो, तो साधारण १०० पीपीएमच्या घरात असतो, त्यामुळे माऱ्यानंतर प्रकाश भरपूर मिळतो आणि नवख्या हाताला खाच लवकर सापडते. खाच थोडी रुंद येईल, त्याची चिंता करू नये. सीव्हीडीच्या दोन-तीन पट्ट्या मात्र जपून ठेवाव्यात, त्या तुलनेसाठी पुढे लागतील.

आणि सर, खरेदीची यादी करताना ५३२ नॅनोमीटरसाठीचे संरक्षक चष्मे लेझरच्या आधी मागवावेत. स्वस्त हिरव्या लेझरमधून न दिसणारा १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाशही बाहेर पडतो, तेव्हा चष्मे दोन्ही तरंगलांबींचे आहेत याची खात्री विक्रेत्याकडून लेखी घ्यावी.